मायाप्पानं बसवलेली हाडं

जरा सरकून बसा. कोकराच्या पायावर कुनाचा पाय पडायचा, आत्ताच कामट्या बांधल्यात मी. हां, असं. शेकोटीकडं तोंड करा आन् ऐका. सुबराव, तू बी बस. मघाशी म्हनत व्हतास न्हवं, बनाच्या वाडीला घळीच्या वाटंनं वीस मिंटात पोचतो? जा की बाबा. म्हातारीनं कुठं तुझी गाडी धरलीय. पर आधी येवढं ऐक, आन् मंग किक मार.

ही ऐकीव न्हाई बरं का. माझ्या सख्ख्या चुलत्याची हाय, मायाप्पाची. आमी त्येला तात्या म्हनायचो. तात्या हाडवैद्य. सात वाड्यांत तसा हात न्हवता. डोळं मिटून बसायचा, नुसतं चाचपायचा, आन् सांगायचा कुठलं निसटलंय, कुठलं मोडलंय, कुठल्याला नुसती चीर हाय. मानूस बोंबलायच्या आत हाड जाग्यावर. मंग तो गडी उगं लाजंकाजंनं दोन हुंदकं द्यायचा.

त्येच्या घरान्याचं तीन नेम व्हतं. ध्यानात ठिवा, पुढं लागनार हाईत. हाक आली की जायाचं, ह्यो पैला. दुसरा, आधी हाड, मंग बोलनं. कुठं पडलास, कुनी पाडलं, कुठल्या गावचा, कायबी इचारायचं न्हाई. इचारलं की मानसाला आठवतं, आठवलं की अंग आखडतं, आन् आखडल्याल्या अंगात हाड बसत न्हाई. आन् तिसरा, मोडक्या अंगाला हात लावायच्या आधी धड अंगाला लाव. डावा मोडला तर पैला उजवा चाचप. देवानं नमुना शेजारीच ठिवलाय, तो बघ आन् तसं बसीव. मघाशी ह्या कोकराचा बी मी आधी धड पाय धरला, तर तुमी हसत व्हता.

आता माझ्या बापाचं सांगते. बिराप्पा त्येचं नाव, तात्याचा थोरला भाऊ. मी सहा वर्साची आसंन. बाप मेंढरं घिऊन घळीतनं येत व्हता. वर डोंगरात पाऊस झाल्याला, खाली कुनाला ठावं न्हाई. वढ्याला लोंढा आला. मेंढरं घरला आली, धनी आला न्हाई. आठ दिस हुडिकलं. मुंडासं सुदिक गावलं न्हाई. भावकी म्हनली, गवताचा पुतळा करू आन् इधी उरकू. आई न्हाई म्हनली. हाडं दावा, मंग बांगड्या फोडते, म्हनली.

दोन वर्सं ती रोज दारात दिवा ठिवायची, एक भाकरी झाकून ठिवायची, आन् दाराला कडी घालायची न्हाई. म्हाताऱ्या बाया सांगून दमल्या. बाई, दार उघडं ठिवून झोपू नगं. गेल्यालं मानूस परतून आलं तर येकलं जात न्हाई, घरातलं कुनीतरी घिऊनच जातं. आई सगळं ऐकून घ्यायची आन् कडी काढून झोपायची. तिच्या कुशीत मी असायची.

तर ऐका. थंडीचं दिस. दिवेलागनीला बनाच्या वाडीचा एक गडी पळत आला. त्येचा भाऊ चिंचंवरनं पडला, खांदा निखळला. तात्या ताटावरनं उठला. गडी म्हनला, गाडीवाटंनं या, मी पुढं हून तेल तापवून ठिवतो. आन् गेला पळत. गाडीवाट लांबची, डोंगराला येढा घालून जाती. खांदा जितका येळ भाईर, तितकं मास आखडनार. तात्यानं इचार केला, घळीतनं उतरतो. लोंढ्यापास्नं त्या वाटंला कोन फिरकत न्हवतं. तात्या फिरकला.

घळीत उतरला आन् उजेड सपला. दोन्ही अंगाला दरड. खाली वढ्याचं पानी, घोट्याएवढं. काठाला वाळू. आन् त्या वाळूत एकजन बसल्याला. घोंगडं डोक्यावरनं घेतल्यालं. एक हात तेवढा घोंगड्याची कड धरून, बाकी कायबी दिसंना.

"वैद्या, पावलाला हात लाव. निसटलंय."

तुमी आमी असतो तर पाय लावून पळालो असतो. पर हाक आली की जायाचं. आन् इचारायचं तर काय न्हाई. ह्यो दुसरा नेमच तात्याच्या मुळावर आला बघा. तू कोन, येवढं जरी इचारलं असतं, तर गोष्ट तिथंच सपली असती. त्येनं इचारलं न्हाई. वाळूत बसला, डोळं मिटलं, घोंगड्याखाली हात घातला.

पाऊल लागलं. गार. पान्यात असंल, म्हनला. बोटं फिरवली. आन् कातडं लागंना. मास लागंना. नुसती हाडं.

तात्याचं काळीज थांबलं. पर हात? हात चालतच व्हतं. आता ह्ये तुमाला कसं कळायचं. जल्मभर त्येनं हाडं मासातनं वळखल्याली, पोत्यातलं धान्य वरनं चाचपून वळखावं तशी. आज ती पैल्यांदा उघडी हातात आली. मला पुढं सांगायचा, लगमे, भ्या वाटलं, पर भ्याच्या आधी आक्रीत वाटलं. एका पावलात सव्वीस तुकडं. टाचंचं मोठं, त्येच्यावर घोट्याचं बसल्यालं, आन् पुढं बारकी बारकी रचून कमान केल्याली. अंगाचा भार पडला की कमान जराशी दबती, पाऊल उचललं की परत उठती. कुनी गवंडी न्हाई, चुना न्हाई. आन् त्या कमानीवर मानूस जल्मभर चालतो, डोक्यावर वझं घिऊन चालतो.

पाऊल बसलं. तात्या सवयीनं म्हनला, दुसरा पाय दे, नमुना बघायचाय.

"दुसरा बाभळीच्या बुडात हाय. उकरून घे."

बघा हां. तवा तरी उठावं का न्हाई? पर तात्या उठला तो बाभळीकडं गेला आन् उकरायला लागला. हाताला चटक लागली व्हती. पाऊल निघालं. नडगी निघाली. आवाज सांगत जायाचा, धोंड्याखाली बघ, मुळाखाली बघ, आन् तात्या काढायचा, धुवायचा, बसवायचा. बसीवलं की हाड हाडाला धरायचं.

मांडीचं हाड निघालं. समद्या अंगात ह्ये लांब. त्येचा वरचा गोळा खुब्याच्या खोबनीत घातला, तर असा बसला, की जात्याचा खुटा बी इतका नीट बसत न्हाई. पाय पुढं, मागं, भाईर, सगळीकडं फिरतो त्यो त्या गोळ्यावर. आन् हाड आतनं पोकळ. दवाखान्यातल्या डाक्टरीनबाई मला एकदा म्हनल्या, आजी, रगत हाडांच्या आत तयार व्हतं. मी म्हनलं, बाई, आमी धनगर जल्मभर नळ्या फोडून चोखत आलो, आन् कधी ध्यानात आलं न्हाई.

दोन गुडघ्याच्या दोन वाट्या मातूर तात्यानं मुंडाशाच्या पदरात बांधल्या. अशी सुटी हाडं वाळूत हरवत्यात, ती शेवटाला बसवायची ही त्येची रीत. ती रीत नसती तर आज मी हितं नसते.

मंग पाठीचा कना. एकेक मनका निराळा. मानंचा बारका, कंबरंचा जाड, कारन खाली भार जास्त. पर सगळ्यांच्या मदी भोक, आन् भोकावर भोक यील असं रचायचं. त्या भोकातनं एक दोरी जाती. हात उचल, पाय काढ, सगळा सांगावा त्या दोरीतनं. ती दोरी तुटली तर हाडं धड असून मानूस पडून ऱ्हातो. तात्यानं असली दोन मानसं बघितली व्हती, त्येंच्यापुढं त्येचा हात बी हरला व्हता. तवा मनका बसवताना त्यो थोडा रडला. तिथं, अंधारात, भुतापुढं.

बरगड्या ह्या बाजूला बारा, त्या बाजूला बारा. डालग्याखाली कोंबडी झाकावी तसं देवानं काळीज झाकलंय. पर डालगं ताठ असतं, ह्ये न्हाई. दम घेतला की ह्ये उचलतं, सोडला की बसतं. तात्यानं शेवटची बरगडी बसवली. आन् त्या बरगड्या उचलल्या. बसल्या. परत उचलल्या. आत काय न्हाई. फुप्फुस न्हाई, काळीज न्हाई, पान्यावरची हवा आरपार जातीय, आन् बरगड्या दम घेत्यात.

"आता डोकं. त्या कपारीत हाय."

कपारीत कवटी व्हती. तात्यानं ती दोन्ही हातांत धरली. वरनं एक दिसती, पर ती एक नसती. पट्ट्या जोडून घोंगडं शिवतो न्हवं आपन, तशी शिवल्याली असती. बारक्या पोराची शिवन ढिली, म्हनून टाळू उडती. मोठं झालं की शिवन घट्ट. डाक्टरीनबाई म्हनल्या व्हत्या, लेकराला हाडं जास्त असत्यात, मंग वाढताना जुळत्यात आन् दोनशे सहा ऱ्हात्यात. कोन जुळवतं ह्ये त्येंनी सांगितलं न्हाई, मी बी इचारलं न्हाई.

डोक्यात हालनारं हाड एकच, खालचा जबडा. त्यो बसवला. आन् आवाज आला, "डावा हात ऱ्हायला, वैद्या."

जबडा हालला न्हाई. ऐकताय न्हवं? जबडा मिटल्याला, आन् आवाज तात्याच्या पाठीमागनं आला. पान्यातनं. इतका येळ आवाज पान्यातनंच येत व्हता, आन् तात्याला हाडांच्या नादात कळलं न्हाई. उठावं म्हनला. पर समूर डाव्या हाताची हाडं मांडल्याली, आन् हाती घेतल्यालं काम अर्धं सोडायची त्येच्या बोटांना सवय न्हवती. येवढा बसवतो आन् जातो, म्हनला. मंग तिसरा नेम आठवला. डावा बसवायचा, तर आधी धड उजवा बघ. म्हनला, उजवा पुढं कर.

घोंगड्याची कड सुटली. उजवा हात पुढं आला, आपल्या आपन. तात्यानं मनगट धरलं. मनगटात आठ खडं, वढ्यातल्या गोट्यांवानी, म्हनून तर मनगट हवं तसं वळतं. बोटं वर सरकली. मनगटाच्या वर दोन हाडं असत्यात, शेजारी शेजारी. एक थांबतं, दुसरं त्येच्यावर फिरतं, तवा तळवा पालथा हुतो, उताना हुतो, घास तोंडाला जातो. तात्याचं बोट त्या फिरत्या हाडावर आलं. आन् थांबलं.

गाठ व्हती. जुनी, भरल्याली गाठ. मोडल्यालं हाड जुळलं की तिथं गाठ धरतं, आन् ती गाठ बाकीच्या हाडापरास घट्ट असती. गाठीच्या पुढं हाड किंचित वाकडं.

ती गाठ तात्याची व्हती. त्येच्या हातचं पैलं काम. अकरा वर्साचा व्हता त्यो. थोरला भाऊ एडक्यावर बसायला गेला, पडला, हात मोडला. बाप बाजारला गेल्याला. तात्यानं चोरून हाड बसवलं, थोडं वाकडं बसलं. बाप आला, मारलं, म्हनला परत मोडून सरळ करतो. तर थोरल्यानं हात दिला न्हाई. माझं हाड हाय, मला चालतंय, मायाप्पाची खून ऱ्हाऊ दे, म्हनला. जल्मभर त्यो वाकडा हात दावून लोकांना सांगायचा, ह्यो माझ्या भावानं बसवलाय.

कुठलंबी हाड इसरंल वैद्य, पर पैलं इसरत न्हाई.

"दादा," तात्या म्हनला. "तू हितं हुतास?"

नेम मोडला. बोलला. आन् पान्यातनं आवाज आला, आता वैद्या न्हाई म्हनला.

"माया, वाट्या दे. उभा ऱ्हातो. घरी दार उघडं हाय. लगमी जागी आसंल."

लगमी म्हंजी मी.

तात्याचा हात मुंडाशाच्या पदराला गेला, ह्ये त्येनं मला सोता सांगितलंय. दोन वर्सं हरवल्याला भाऊ समूर बसल्याला. त्येला घरी न्यावं, वैनीच्या दारात उभा करावा, असं लई वाटलं त्येला. गाठ सोडली बी. आन् मंग म्हाताऱ्या बायांचं बोलनं आठवलं. आल्यालं येकलं जात न्हाई. घरात दोघीच, आन् त्येनं नाव घेतलं ते माझं. तात्यानं वाट्या मुठीत घट्ट धरल्या. म्हनला, दादा, उद्या दिसाउजेडी तुला नेतो. डोक्यावर घिऊन नेतो. आज न्हाई.

ते उठलं. घोंगडं गळून पडलं आन् ते सगळं उठलं, तात्यानं बसवल्यालं. उठलं आन् पडलं. गुडघ्याला वाटी नसली की पाय सरळ हुत न्हाई. मांडीची शीर त्या वाटीवरनं नडगी वढती, वाटी न्हाई तर वढ न्हाई. परत उठलं, परत गुडघ्यात दुमडलं. मंग ते एका हातावर आलं. तात्या दरड चढतोय, आन् मागं वाळूत हाडं घासत येत्यात, खरर् खरर्. दरडीच्या निम्म्यावर उजव्या हातानं तात्याचा घोटा धरला.

सुटंना. तात्या सांगायचा, असली पकड जिवंत मानसाची नसती. घोट्याची हाडं कडाकडा वाजायला लागली. मंग तात्या खाली वाकला. जो हात हाड बसवतो त्येला उतरवायची कळ बी ठावी असती. त्येनं ते मनगट धरलं, गाठीवर अंगठा ठिवला, वढलं, भाईरच्या अंगाला फिरवलं, आन् भावाचा खांदा निखळवला. जल्मात त्येनं बसवली हजार हाडं. उतरवलं ते तेवढं एकच. मरंस्तवर त्येचं दुःख व्हतं त्येला.

हात सुटला. तात्या घरी आला तो थेट आमच्या दारात. आत आला, आईच्या हातावर त्या दोन वाट्या ठिवल्या. म्हनला, वैनी, तू हाडं दावा म्हनत व्हतीस. कडी घाल. मी हाक मारली तरी उघडू नगं. आन् गाडीवाटंनं वाडीला गेला, कारन तिथं पोराचा खांदा भाईर व्हता. पैला नेम त्येनं शेवटपातूर पाळला.

आता फुडचं तात्याचं न्हाई, माझं हाय. मी जागी व्हते. आईनं कडी घातली, दोन वर्सांनी. घटकाभरानं लांबनं हाक आली. लगमे. माझ्या बापाचा आवाज. मी वळखला. मी उठून दाराकडं पळाले. आईनं मला एका हातानं धरलं, दुसऱ्या मुठीत त्या वाट्या. तिचं तोंड दाराकडं. बाई, दोन वर्सं जिची वाट बघितली ती हाक दाराभाईर हाय, आन् तिला ओ द्यायची न्हाई. तिनं मला पोटाशी घट्ट धरलं, माझं कान झाकलं, आन् ओ दिली न्हाई. कोंबडा आरवल्यावर तिनं उंबऱ्यावर हात आपटून आपल्या बांगड्या आपनच फोडल्या.

सकाळी भावकी घळीत गेली. हाडं वाळूत पडल्याली, नीट मांडल्यागत. तात्यानं एकेक उचललं. वाट्या आईनं आनून दिल्या. माती द्यायला घेतली. पर तात्याचा हात थांबला. एक कमी हाय, म्हनला. नरड्यातलं. जिभंच्या बुडाला एक हाड असतं, बारकं, नालाच्या आकाराचं. समद्या अंगातलं तेवढं एकच हाड कुठल्या दुसऱ्या हाडाला टेकत न्हाई, आपलं मासात तरंगतं. त्येच्यावर जीभ ऱ्हाती, आन् जिभंवर बोलनं. वढा सगळा चाळला. त्ये गावलं न्हाई, त्येच्याबिगरच पुरलं.

म्हनून ते चालत न्हाई आता. धरत बी न्हाई. पर बोलनं तिथंच ऱ्हायलंय.

तर सुबराव, गाडीवाटंनं जा. लांब पडंल, पडू दे. घळीत हाक यील तुला. तुझं नाव न्हाई घ्यायचा त्यो, लगमे म्हनंल. तू म्हनशील, माझं नाव न्हाई, माझं काय जातंय, आन् गंमत म्हनून ओ देशील. गेल्या साठ वर्सांत दोघांनी दिली. एकाची गाडी गावली, एकाची ती बी न्हाई.

मी कधी ओ दिली न्हाई. दर वर्साला ह्याच रानात मेंढरं बसवते. तुमी इचारता म्हातारे, हितं चारा न्हाई, हितंच का. वारं घळीकडनं आलं की हितं ऐकू येतं. आईनं कान झाकलं व्हतं म्हनून मी त्या रातीची वाचले, ह्ये मला ठावं हाय. पर बापाची हाक हाय ती. लेकीनं साठ वर्सं ओ न द्यावी, ह्ये बी काय लहान न्हाई.

माझी हाडं आता झिजल्यात. गुडघं कुरकुरत्यात, पाठ वाकली. एक दिस मी ओ देनार हाय. त्या दिशी रातीचं मला हुडकायला कुनी घळीत उतरू नगा. दिस उगवू द्या, मंग या. बापाचं ऱ्हायल्यालं आन् माझं, दोघांचं गोळा करा, मोजून. आन् नरड्याचं पैलं हुडका.